‘ओव्हरकम’चा माग : इंग्रजी क्रियापद मुळापासून कसं शिकावं

सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत मी आठवड्यातून दोन संध्याकाळी इंग्रजी शिकवतो. मुलं बीड, लातूर, नांदेड, सोलापूरकडची. मराठी माध्यमातून शिकलेली, स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात कॉट बेसिसवर राहणारी, मेसच्या पोळ्यांना नावं ठेवणारी. मागच्या पावसाळ्यात एकीने निबंधात लिहिलं होतं, ‘आय ओव्हरकम्ड फ्रॉम माय फिअर.’ पाच शब्दांत दोन चुका. मी लाल पेन उघडलं, पण खूण करण्याआधी तिला विचारलं, ‘फ्रॉम का घातलंस?’

‘सर, मी भीतीतून बाहेर आले ना? मग “तून”ला काहीतरी नको?’

याला काय उत्तर देणार? तर्क चोख होता, फक्त तो मराठीचा होता. तिच्या वहीत ‘ओव्हरकम म्हणजे मात करणे’ असं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं आणि ते तिला तोंडपाठही होतं. पण लिहायला बसल्यावर डोळ्यांसमोर आलं ते ‘बाहेर पडणं’, आणि हात त्या चित्रामागे गेला. अर्थ पाठ होता, पण शब्दाच्या पोटातलं चित्र कुणी तिला दाखवलंच नव्हतं.

क्रियापद शिकायचं तर आधी त्याचं चित्र शोधायचं, मग अर्थ. हे कसं करायचं ते मी एकाच शब्दावर करून दाखवतो. साहित्य फार लागत नाही : अप्पा बळवंत चौकात मिळणारी कोरी कार्डं, मोबाइल आणि एका शब्दासाठी अर्धा तास. अर्धा तास एका शब्दाला, हे ऐकून मुलं हसतात. वर्षभर रोज वीस शब्द पाठ करून त्यातले अठरा विसरण्यापेक्षा हे स्वस्त पडतं, असं माझं मत.

पहिली पायरी : शब्द फोडा

‘ओव्हर’ आणि ‘कम’. वर आणि येणे. इतकं तर कुणीही सांगेल. पण इथेच थांबून स्वतःला विचारा : कोण वर येतं, आणि कशाच्या वर?

‘मी भीती ओव्हरकम केली’ यात मी वर आलो आणि भीती खाली राहिली. म्हणजे ‘वर’ शब्दाच्या आतच बसलेला आहे. मराठीत आपण ‘भीतीवर मात केली’ म्हणताना तो ‘वर’ भीतीला चिकटवतो. इंग्रजीने तो क्रियापदाला चिकटवला. एकदा आत गेलेला ‘वर’ पुन्हा बाहेर लावायचा नाही. म्हणून ‘ओव्हरकम फ्रॉम’ नाही, ‘ओव्हरकम ऑन’ नाही, काहीच नाही. ‘ओव्हरकम माय फिअर’, बस. हे नियम म्हणून सांगितलं असतं तर ती मुलगी आठवड्यात विसरली असती. ‘वर आत आहे’ हे मात्र ती आता इतरांना शिकवते.

दुसरी चूक साधी आहे. ‘कम’चं जे होतं तेच ‘ओव्हरकम’चं होतं : भूतकाळात ‘ओव्हरकेम’, आणि ‘हॅव’, ‘हॅज’ नंतर पुन्हा ‘ओव्हरकम’. ‘ओव्हरकम्ड’ असं रूपच नाही.

दुसरी पायरी : नोंद वाचायला शिका

शिकणाऱ्यांसाठीचे कोश सध्या जास्त वापरात असलेला अर्थ आधी देतात. ऐतिहासिक कोश उलटे चालतात, सर्वांत जुना अर्थ आधी. दोन्ही उघडून शेजारी ठेवा. ऑक्सफर्डचा मोठा कोश दुसऱ्या प्रकारचा. त्याची चर्चा १८५७ साली लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत सुरू झाली, पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि काम पूर्ण व्हायला १९२८ उजाडलं. ठिकठिकाणच्या वाचकांनी पुस्तकांतली वाक्यं चिठ्ठ्यांवर उतरवून पाठवली, आणि संपादक जेम्स मरे यांनी त्या चिठ्ठ्या लावायला घराजवळ एक पत्र्याची शेड उभारली. तिला ते ‘स्क्रिप्टोरियम’ म्हणत.

पुण्यात राहता, तर हे जरूर माहीत असू द्या : याच पद्धतीचं काम येरवड्याजवळच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतसाठी चालू आहे, १९४८ पासून. तिथल्या दालनालाही स्क्रिप्टोरियमच म्हणतात आणि तिथे सुमारे एक कोटी चिठ्ठ्या आहेत. कोशाचा पहिला भाग १९७६ मध्ये आला. शब्दाचा इतिहास माणसं बसून, एकेक चिठ्ठी लावून काढतात, हे कळलं की कोशातल्या बारीक टायपाकडे बघण्याची नजर बदलते.

नोंदीत दोन गोष्टींनी नवखा माणूस अडखळतो. एक, आद्याक्षरं. ‘ओ’ आणि ‘ई’ अशी दोन रोमन अक्षरं दिसली की समजा जुनी इंग्रजी, म्हणजे ढोबळमानाने अकराव्या शतकापर्यंतची. ‘ओ’ आणि ‘एफ’ म्हणजे जुनी फ्रेंच. नुसता ‘एल’ म्हणजे लॅटिन. दुसरी गोष्ट, शब्दाच्या आधी लावलेली चांदणी (*). तिचा अर्थ असा की हे रूप कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही, विद्वानांनी भावंड-भाषांची तुलना करून ते बांधलं आहे. चांदणीवाल्या रूपाला साक्षीदार नसतो, एवढं ध्यानात ठेवा.

आता ‘ओव्हरकम’ची नोंद. शब्द अस्सल जुन्या इंग्रजीतला : ‘ओफरकुमन’, लिहिताना फ, बोलताना व्ह. तेव्हा त्याचे अर्थ होते गाठणे, पाठलाग करून पकडणे, आणि जिंकणेही. हा ‘गाठणे’ जपून ठेवा, चौथ्या पायरीवर लागणार आहे.

तिसरी पायरी : नातेवाईक शोधा

इथे मी वर्गात सगळ्यात जास्त रेंगाळतो, आणि घड्याळाकडे बघणाऱ्यांकडे दुर्लक्ष करतो.

‘ओव्हर’, लॅटिन ‘सुपर’, ग्रीक ‘हायपर’ आणि संस्कृत ‘उपरि’ ही एकाच घरातली चार भावंडं. ‘उपरि’चं प्राकृतात ‘उवरि’ झालं आणि घासत घासत मराठीत ‘वर’ उरला. म्हणजे तुम्ही ‘टेबलावर’ म्हणता तेव्हा त्यातला ‘वर’ आणि ‘ओव्हर’ हे लांबचे चुलत आहेत. खांद्यावरचं उपरणंही त्याच गोत्यातलं… नव्हे, गोत्रातलं.

‘कम’चं नातं आणखी गमतीचं. त्याचा भाऊ संस्कृत ‘गम्’. आगमन, गमन, गती हे सगळे त्याचेच. मराठीत ‘गेला’ हे रूप ‘गत’वरून आलं, म्हणजे तेही त्यातलंच. त्यांच्याकडे जो ‘आला’ तो आपल्याकडे ‘गेला’!

‘सर, ग चा क कसा झाला?’ हा प्रश्न येतोच. आला नाही तर मीच विचारतो. याला नियम आहे. जर्मन अभ्यासक याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये तो नीट मांडला. हे तेच, परीकथा गोळा करणाऱ्या दोन भावांपैकी थोरले. इंग्रजी-जर्मनच्या घराण्यात जुना ग सरकून क झाला आणि जुना प हा फ-व्हच्या बाजूला गेला. फळ्यावर मी असे लिहितो : गो – काऊ. जानु (म्हणजे गुडघा; संस्कृतात इथे जुन्या ग चा ज झाला) – नी, आणि स्पेलिंगमधला तो मुका ‘के’ आठवा. ज्ञा (जाणणे) – नो, तिथेही मुका ‘के’. पितृ – फादर. पाद – फूट. चौथ्या जोडीपर्यंत वर्गातून स्वतःहून उत्तरं येऊ लागतात. मग मी विचारतो, ‘आता उपरि आणि गम् जोडा.’ उपरि-गम्, ओव्हर-कम. अशी जोडणी संस्कृतात कुणी याच अर्थाने वापरत होतं असं मी म्हणत नाही; पण दोन्ही तुकडे आपल्या घरचे आहेत हे कळल्यावर शब्दाचं परकेपण जातं.

एकदा वर्गातल्या सात-आठ जणांना घेऊन सिंहगडावर गेलो होतो, आतकरवाडीकडच्या पायवाटेने. निम्म्यात एकजण दगडावर बसला आणि म्हणाला, ‘सर, हा गड इनसरमाउंटेबल आहे.’ शब्द नुकताच झाला होता : चढून पार न करता येणारा. मी म्हटलं, गडाला आपण दुर्ग का म्हणतो सांग. त्याला येईना. दुर् म्हणजे कठीण आणि ग हा पुन्हा गम् मधला : जिथे जाणं कठीण तो दुर्ग. ‘म्हणजे ओव्हरकममधला कम इथेही आहे?’ आहे. तो उठला. पुणे दरवाजातून आत गेल्यावर त्याने मडक्यातल्या दह्याच्या तीन वाट्या संपवल्या, त्याचं श्रेय व्युत्पत्तीला द्यावं की चढाला हे ठरवता आलं नाही.

चौथी पायरी : उलटा अर्थ आला की पळू नका

इंग्रजी पेपरात वाक्य असतं, ‘शी वॉज ओव्हरकम विथ ग्रीफ.’ आपली मुलं भाषांतर करतात, ‘तिने दुःखावर मात केली.’ बरोबर उलटं! ती बिचारी रडते आहे आणि आपण तिला विजयी करून मोकळे.

कर्मणी रूपात ‘ओव्हरकम’ आलं, आणि मागे ‘विथ’ किंवा ‘बाय’ आलं, की वर कोण आहे ते बघा. इथे दुःख वर आहे, माणूस खाली. आता जुन्या इंग्रजीतला तो अर्थ आठवा : गाठणे, येऊन पकडणे. दुःखाने तिला गाठलं. मराठीत आपण हे कसं म्हणतो? भरून आलं. दाटून आलं. गहिवरून आलं. दर वेळी ‘येणं’ आहेच. आणि संकटाबद्दल बोलताना ‘अंगावर येणं’ म्हणतो, त्यात ‘वर’ही आहे आणि ‘येणं’ही. शब्दकोशातल्या ‘मात करणे’पेक्षा ‘अंगावर येणे’ हे या क्रियापदाच्या मुळाला जास्त जवळ आहे, असं मला वाटतं.

धुराच्या बातमीतही हेच रूप भेटतं. ‘ओव्हरकम बाय स्मोक’ म्हणजे धुराने गुदमरून कोसळलेला, धुरावर मात केलेला नव्हे.

शब्दाचे दोन तुकडे सुटे करून उलटे लावले की आणखी मजा. ‘कम ओव्हर’ म्हणजे घरी ये, सहज चक्कर टाक. पण ‘व्हॉट केम ओव्हर यू?’ म्हणजे ‘तुझ्या अंगात आलं होतं की काय?’ इथेही काहीतरी बाहेरून येऊन माणसावर स्वार झालेलं आहे.

पाचवी पायरी : शेजाऱ्यांशी तुलना

एकटा शब्द शिकू नका. त्याच्या गल्लीत कोण राहतं ते बघा. जिंकण्याच्या गल्लीत मला हे भेटतात.

‘सरमाउंट’. फ्रेंचमधून आलेला. ‘सर’ हा लॅटिन ‘सुपर’चा झिजलेला तुकडा, आणि ‘माउंट’ म्हणजे चढणे, मुळात डोंगर. वर चढणे. आता मराठीतला ‘वरचढ’ बघा! तेच दोन तुकडे, त्याच क्रमाने. फरक एवढाच की आपण माणसाला वरचढ ठरवतो आणि इंग्रजी ‘सरमाउंट’ करतं ते बहुधा अडथळ्याला. माणसाला ‘सरमाउंट’ करू नका, वाचणाऱ्याला भलतंच दिसेल. इमारतींच्या वर्णनात ‘सरमाउंटेड बाय अ डोम’ असं येतं, तिथे लढाईचा संबंध नाही. वर घुमट आहे, इतकंच.

‘काँकर’च्या मुळाशी लॅटिन ‘क्वेरेरे’ म्हणजे शोधणे, विचारणे. शोधून मिळवणे, मग बळाने मिळवणे. क्वेश्चन, रिक्वायर, अ‍ॅक्वायर ही त्याचीच मंडळी. पुणे स्टेशनवरच्या ‘इन्क्वायरी’च्या खिडकीत आणि जग जिंकणाऱ्या सम्राटात हे नातं आहे, यावर वर्गात कुणी पटकन विश्वास ठेवत नाही. देश, शिखर, भीती या तिन्हींना ‘काँकर’ चालतं.

‘व्हँक्विश’ पुस्तकी आहे. पोटात लॅटिन ‘विंकेरे’, जिंकणे. निबंधात वापरलात तर तलवार उपसल्यासारखं दिसतं. पण त्याचा एक भाऊ तुम्ही रोज वापरता : कन्व्हिन्स. ‘घरच्यांना कन्व्हिन्स करून पुण्याला आलो’ म्हणता ना, त्याचा मूळ अर्थ घरच्यांना पुरतं जिंकून आलो.

‘प्रिव्हेल’मध्ये बळ आहे. रिचार्जची ‘व्हॅलिडिटी’ आणि ‘व्हॅल्यू’ त्याच बळातून निघाले. याला थेट कर्म लागत नाही. ‘ट्रूथ प्रिव्हेल्स’, सत्य टिकतं. कुणाला तरी हरवायचं असेल तर मागे ‘ओव्हर’ लावावा लागतो, कारण इथे ‘वर’ आत बसलेला नाही. पहिल्या पायरीचा तर्क इथे उलट बाजूने लागू पडला.

आणि घरगुती ‘गेट ओव्हर’. सर्दी-तापातून उठलात, परीक्षेतलं अपयश मागे टाकलंत, तर बोलताना हे वापरा. सर्दी ‘ओव्हरकम’ केली म्हणालात तर सर्दीने फार मोठी लढाई दिली असं वाटेल.

या गल्लीत एक गोष्ट लक्षात येते. ‘ओव्हरकम’ घरचा, ‘सरमाउंट’, ‘काँकर’, ‘व्हँक्विश’ फ्रेंचमार्गे आलेले. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड घेतलं आणि पुढे दोन-तीन शतकं दरबारात फ्रेंच होती. जिंकणारे आपलं जिंकण्याचं क्रियापदही सोबत घेऊन आले.

सहावी पायरी : मराठी बाजू तपासा

आपलंही तसंच झालं आहे, म्हणून ही पायरी गाळू नका.

‘मात’ बुद्धिबळातली. फारसी-अरबी ‘शाह मात’, राजा कोंडला गेला. ‘मेला’ असाही अर्थ लावतात. तोच शब्द युरोपात फिरत जाऊन इंग्रजीत ‘चेकमेट’ झाला. त्यातल्या ‘शाह’चा ‘चेक’ झाला, आणि बँकेत वटवायचा चेकही शेवटी त्या राजाचाच वंशज. ‘फत्ते’ अरबी, तिथे त्याचा मूळ अर्थ उघडणे. दरवाजा उघडला, गाव पडलं. ‘विजय’ आणि ‘जिंकणे’ मात्र संस्कृत ‘जि’ धातूचे.

माझा आवडता शब्द ‘उत्तीर्ण’. पास होणे एवढाच अर्थ आपल्याला माहीत, पण त्यात ‘तॄ’ धातू आहे, तरून जाणे, पाणी ओलांडणे. उत्तीर्ण म्हणजे पलीकडच्या काठाला पोचलेला. निस्तरणे, तरणे, अवतार त्याच पाण्यातले, आणि लॅटिन ‘ट्रान्स’ त्यांचा नातेवाईक. प्रिलिमचा निकाल लागतो त्या दिवशी अभ्यासिकेत हा शब्द शिकवू नये, असा मात्र अनुभव आहे.

मराठी शब्दांसाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश धरा. पहिली आवृत्ती १८३१ची, सुधारलेली १८५७ची. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो फुकट शोधता येतो. मुळासाठी कृ. पां. कुलकर्णींचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ (१९४६), आणि फारसी शब्दांसाठी माधव त्रिंबक पटवर्धनांचा ‘फारसी-मराठी कोश’ (१९२५), जो इथल्याच भारत इतिहास संशोधक मंडळाने काढला.

सातवी पायरी : सारखेपणाला भुलू नका

ही पायरी मी स्वतः पाय घसरून शिकलो आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी भर वर्गात मी ऐटीत सांगितलं होतं की आपला ‘गड सर करणे’मधला ‘सर’ आणि इंग्रजी ‘सरमाउंट’मधला ‘सर’ एकच. टाळ्या पडल्या. मागच्या बाकावर एक निवृत्त संस्कृतचे शिक्षक ऐकायला बसले होते. तास संपल्यावर जवळ आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, ‘आपला सर फारसी आहे हो. डोकं. सरदार, सरकार, सरहद्द मधला. त्याचा भाऊ संस्कृतातला शिरस्. तुमचा तो दुसरा सर सुपरचा. दोघं नुसते नावाने सारखे.’ आणि चहा प्यायला घेऊन गेले. चहात मला साखर लागली नाही.

तेव्हापासूनचा माझा नियम : दोन भाषांतले दोन शब्द कानाला अगदी एकसारखे लागले की संशय घ्या. खरे नातेवाईक बहुधा वेगळे दिसतात, कारण हजारो वर्षांत त्यांचे ध्वनी नियमाने सरकलेले असतात. ‘गम्’ आणि ‘कम’ यांच्यात ग-क चा फरक आहे, आणि तोच त्यांचा नात्याचा दाखला. ‘सर’ आणि ‘सर’ यांच्यात काहीच फरक नाही, म्हणून नोंद उघडून बघायची.

शेवटी कार्ड

आता हे सगळं एका कार्डावर उतरवा. माझं ‘ओव्हरकम’चं कार्ड असं आहे. वरच्या ओळीत शब्द आणि तीन रूपं. खाली एक छोटं चित्र : दोन रेघा, वरच्या रेघेवर एक माणूस, आणि बाण. शेजारी तेच चित्र उलटं, माणूस खाली. पहिल्या चित्राखाली ‘ओव्हरकेम हिज फिअर’, दुसऱ्याखाली ‘ओव्हरकम विथ ग्रीफ’. मग नातेवाईक : उपरि, वर, गम्, गेला. मग लाल शाईत ‘फ्रॉम नाही, वर आत आहे’. मागच्या बाजूला स्वतःचं एक खरं वाक्य, पुस्तकातलं नाही. त्या मुलीने लिहिलं होतं, ‘आय ओव्हरकेम माय फिअर ऑफ द स्वारगेट क्रॉसिंग.’ मी त्यावर बरोबरची खूण केली आणि खाली लिहिलं, ‘अभिनंदन, मला अजून जमलेलं नाही.’

पुढच्या आठवड्यासाठी ‘विदस्टँड’ घ्या. फोडताना एक जपा : त्यातला ‘विथ’ म्हणजे ‘सोबत’ नव्हे. जुन्या इंग्रजीत ‘विथ’चा अर्थ ‘विरुद्ध’ असा होता.